बोटभर अंतर

"कापू?" करवतीचं पातं तारेवर टेकवून नंदकिशोरनं विचारलं.

"मला विचारताय की सांगताय?" पद्मजा म्हणाली. सायकलच्या मागच्या चाकावर मडगार्ड धरून ती कधीची ओणवी उभी होती.

"एकदा कापली की परत जोडता येत नाही ना."

"मग राहू दे तशीच."

"तशी कशी राहील? केवढं टोक बाहेर आलंय बघ. उतरताना पोटरीला लागेल."

"मग कापा. आणि लवकर कापा, माझी कंबर धरली."

नंदकिशोरनं पुन्हा एकदा टेप लावून पाहिली. टेप पद्मजाच्या शिवणाच्या डब्यातली. कापडी टेप ताणली जाते, माप चुकतं, अशी शंका त्यानं सकाळीच काढली होती आणि "याच टेपनं तुमचे सगळे लेंगे शिवलेत, एक तरी आखूड झाला का?" असं उत्तर ऐकून तो गप्प बसला होता. आता त्यानं श्वास रोखला आणि करवत ओढली. मडगार्डला आधार देणारी ती बारीक तार कुरकुरत कापली गेली आणि तिचा तुकडा खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडला. तार बरोबर हवी तिथंच कापली गेली होती. नंदकिशोर असा काही खूश झाला की त्यानं तो तुकडा उचलून खिशातच टाकला.

बोरीवलीच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात गेले काही दिवस हेच चाललं होतं. सोफा भिंतीला सरकवला होता, टीपॉय गॅलरीत गेला होता आणि हॉलच्या मधोमध लांबच्या प्रवासाची ती हिरवी सायकल उभी होती. तिला मागे कॅरिअर आणि दोन्ही चाकांना मडगार्ड बसवायचे होते. दुकानदार नितेश म्हणाला होता, "काका, टेन्शन नका घेऊ, अर्ध्या तासात लावून देतो." पण नंदकिशोरनं सगळं सामान घरी आणलं. वाटेत काही सुटलं, हललं तर नितेश थोडाच येणार होता? आपल्या हातानं बसवलं की आपल्याला खोलता येतं, एवढा साधा हिशोब. नितेशनं मग निघताना एकच गोष्ट बजावली. "काका, चाकाजवळ ही चकचकीत चकती दिसतेय ना, तिच्यावर ब्रेक लागतो. तिला तेलाचा हात लावायचा नाही. चेनला तेल घालाल तेव्हापण चकतीवर फडकं टाकायचं." नंदकिशोरनं मान डोलावली आणि ही गोष्ट डोक्यात ठेवली. डोक्यात ठेवलेली गोष्ट तोंडानं दुसऱ्याला सांगायची मात्र त्याला आयुष्यात कधी सवय लागली नाही.

तसं नंदकिशोर विजयकर या माणसाबद्दल सांगायला बसलं तर पान भरायची मारामार. विमा कंपनीच्या फोर्टमधल्या कचेरीत, दाव्यांच्या विभागात त्यानं सगळी नोकरी काढली. कुणाशी भांडला नाही, कुणाच्या डोळ्यांत भरला नाही. निरोप समारंभात साहेबांनी भाषणभर त्याला नवलकिशोर म्हटलं, तेही त्यानं दुरुस्त केलं नाही. बढती मिळाल्याचं पद्मजाला कळलं ते शेजारच्या बाईंकडून, कारण त्यांचा नवरा त्याच कचेरीत होता. "सांगायचं नाही का?" असं तिनं विचारल्यावर तो म्हणाला होता, "सांगणारच होतो."

त्या नोकरीत एक गोष्ट मात्र त्याच्याही नकळत साठत गेली होती. दाव्यांच्या कागदांवर पत्ते असत. मुक्काम पोस्ट दिघी. मुक्काम वेळास. दाभोळ, जयगड, आचरा. वेळासला कुणाच्या घरावर माड पडला आणि जयगडला कुणाची होडी बुडाली, हे त्याला ठाऊक होतं. पण वेळासचा समुद्र गावाच्या कोणत्या बाजूला दिसतो, हे ठाऊक नव्हतं. त्या गावांचं जेवढं नुकसान झालं तेवढंच त्याला कळलं होतं. काहीही बिघडलेलं नसताना ती गावं एकदा बघायची, किनाऱ्याकिनाऱ्यानं, खाड्या तरीच्या होड्यांतून ओलांडत, वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, असं त्यानं निवृत्तीच्या आधीच ठरवलं होतं. आणि जायचं ते सायकलनं. मोटारीतून गावं नुसती मागे पडतात, असं त्याचं म्हणणं.

मुलगा यज्ञेश मुलुंडला राहायचा. त्यानं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, सीरियसली? साठी उलटली तुमची. हायवेला ट्रकवाले बघत पण नाहीत."

"हायवेनं नाही जाणार."

"तुम्ही भाजी आणायला सायकलनं जा ना, कोण नको म्हणतंय?"

बरीच बोलाचाली झाली. बोलाचाली म्हणजे यज्ञेश बोलला आणि नंदकिशोर ऐकत राहिला. शेवटी सून रेवतीनं तोडगा काढला. दसरा झाला की पूर्ण सामान लादून बाबांनी एकदा नॅशनल पार्कमधून कान्हेरीपर्यंत चढून जायचं आणि उतरून यायचं. यज्ञेशनं बरोबर जायचं. नीट जमलं तर दिवाळीनंतर बाबांनी खुशाल निघावं. नाही जमलं तर विषय बंद.

"चालेल?" यज्ञेशनं विचारलं.

"चालेल," नंदकिशोर म्हणाला. त्यानं शब्द दिला म्हणजे दिला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून दसऱ्याच्या आधी सगळं बसवून व्हायला हवं होतं. मडगार्ड सोपे निघाले. कॅरिअरनं मात्र नाकीनऊ आणले. त्याचा डावा पाय नेमका ब्रेकच्या चिमट्यावर आपटत होता. नंदकिशोरनं तो इकडून लावला, तिकडून लावला, तिरका केला, मग जमिनीवर फतकल मारून त्याच्याकडे बघत बसला.

"मध्ये काहीतरी घाला ना," पद्मजा म्हणाली. "बटणाखाली आपण दोऱ्याचा देठ ठेवतो तसं."

"घालायचंच आहे. पण केवढं?"

तिनं शिवणाच्या डब्यातून मशीनची एक लोखंडी बॉबिन काढून त्या फटीत धरली. बॉबिन बरोब्बर मावली. कॅरिअरचा पाय चिमट्याच्या बाहेरून अगदी सरळ खाली गेला. नंदकिशोर ती बॉबिन घेऊन नितेशकडे गेला आणि तेवढ्याच लांबीचे जाड नळीचे तुकडे कापून घेऊन आला. नितेशनं विचारलं, "काका, हे माप कुणाचं?" तर हा म्हणाला, "आमच्या मिसेसचं," आणि दुकानातली पोरं हसली तेव्हा त्याला कळलं आपण काय बोललो ते.

शेवटचं काम मडगार्ड आणि टायर यांच्यातलं अंतर जुळवायचं. सगळीकडे सारखं हवं. कुठे कमी झालं तर चिखल अडकतो, जास्त झालं तर मडगार्ड खडखडतो. नंदकिशोर पट्टी शोधत होता, तेवढ्यात पद्मजानं सरळ आपलं बोट त्या फटीत घातलं.

"इथे बसतंय. इथे घट्ट होतंय. इथे नुसतं हलतंय."

मग तेच माप ठरलं. तो स्क्रू सैल करायचा, ती बोट घालायची, "हं" म्हणायची, तो आवळायचा. चाक असं हळूहळू फिरवत त्यांनी दोन्ही मडगार्ड बसवले. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून केलेलं असं दुसरं काम नंदकिशोरला आठवेना. स्वयंपाकघर तिचं होतं, बँक आणि बिलं याची होती, आणि मुलाचा अभ्यास शिकवणीवाल्यांचा. त्याला फार बरं वाटत होतं आणि तो ते बोलला नाही.

दसऱ्याला सकाळी तो आपट्याची पानं, झेंडू आणि श्रीखंड आणायला बाहेर पडला. पद्मजानं घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. शिवणाचं मशीन, विळी, मिक्सर, त्याचे नवे पाने आणि सायकल. एरवी घरातल्या वस्तूंना ती हळदकुंकवाचं बोट लावी आणि पुढे जाई. पण या सायकलवर तिचा नवरा एकटा परमुलखात जायचा होता. ती मांडी घालून तिच्यासमोर बसली. कोरडं कुंकू लोखंडाला धरत नाही म्हणून तिनं वाटीत हळद आणि कुंकू गोड्या तेलात कालवलं. टायर रस्त्यावरचे, कॅरिअर काळा, त्यावर रंग उठेना. सगळ्या सायकलवर स्वच्छ, चकचकीत आणि गोल अशी एकच जागा तिला दिसली. भिंतीच्या बाजूनं वाकून तिनं पुढच्या चकतीवर एक आणि मागच्या चकतीवर एक असं स्वस्तिक काढलं. नंदकिशोर आला तेव्हा हँडलला माळ घातलेली होती आणि कॅरिअरवर फूल होतं. चकत्या भिंतीकडे होत्या.

"झकास," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. तो दाढी करत होता तोवर पद्मजानं सायकल ओल्या फडक्यानं लख्ख पुसून ठेवली, डाग दिसायला नको म्हणून. कॅरिअरच्या दोन्ही पिशव्यांत तिनं वजनासाठी तांदळाच्या आणि तूरडाळीच्या थैल्या भरल्या. "सांडू नका," ती म्हणाली. "सुरती कोलम आहे."

पार्कच्या गेटवर यज्ञेशनं भाड्याची सायकल घेतली आणि बापलेक निघाले. घरापासूनच ब्रेक जरा चिरकत होते. ओझ्यामुळे असेल, असं नंदकिशोरला वाटलं. चढ त्यानं एका लयीत चढला. मागून यज्ञेशचाच श्वास ऐकू येत होता. वर पोचल्यावर पोरगा गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "बाबा, मानलं यार तुम्हाला." नंदकिशोरला ते वाक्य खिशात घालून ठेवावंसं वाटलं. कॅरिअर जागचा हलला नव्हता. मडगार्ड कुठेही घासत नव्हता.

उतारावर पहिल्या वळणाला त्यानं ब्रेक दाबले. चीं करून आवाज झाला. वेग मात्र कमी होईना. त्यानं आणखी दाबले. मागचं सगळं ओझं सायकलला पुढे ढकलत होतं. "बाबा, ब्रेक! ब्रेक दाबा!" यज्ञेश मागून ओरडत होता. नंदकिशोरनं दोन्ही मुठी जीव खाऊन आवळल्या होत्या. समोरच्या वळणावर एक कुटुंब रस्ताभर पसरून चाललं होतं, बाबागाडीसकट. त्यानं हँडल वळवलं आणि सायकल सरळ कडेच्या झुडपांत घातली.

भानावर आला तेव्हा तो गवतात बसला होता आणि उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलं होतं. पिशवी फाटून सुरती कोलम रस्त्यावर पसरला होता आणि झाडावरची माकडं खाली उतरून मूठमूठ उचलत होती. पुढचा मडगार्ड मुडपला होता. कॅरिअर सरळ उभा होता.

हॉस्पिटलच्या बाकावर यज्ञेश त्याच्या शेजारी बसला. आधी तो घाबरलेला होता, मग त्याला राग आला, मग रागाचीही त्याला लाज वाटली. "बाबा, मी मागूनच बघत होतो. तुम्ही ब्रेकच दाबले नाहीत."

"दाबले होते."

"माणूस घाबरला ना की हात गोठतात. वाटतं दाबले म्हणून. वयाचं आहे ते, त्यात कमीपणा काय? पण आता विषय बंद. तुम्हीच कबूल केलेलं."

नंदकिशोर प्लॅस्टरकडे बघत राहिला. खरंच दाबले होते का, हे त्याचं त्यालाच आता नक्की सांगता येईना. तीच गोष्ट त्याला मनगटापेक्षा जास्त दुखत होती.

खरं काय ते सोमवारी सकाळी कळलं. सायकल गॅलरीत उभी होती, या खेपेला डावी बाजू उजेडाकडे करून. चकतीच्या भोकांच्या कडांना काहीतरी लालसर-पिवळं धरलं होतं. त्यानं डाव्या हाताचं बोट फिरवून पाहिलं. बोट तेलकट झालं. नाकाजवळ नेलं तर हळदीचा वास आला. पुढची चकती पाहिली. तिथंही तेच.

क्षणभर त्याला इतका आनंद झाला की तो जवळजवळ हसला. हात गोठले नव्हते! ब्रेक त्यानं दाबले होते, अगदी वेळेवर दाबले होते. ब्रेकलाच पकड नव्हती. यज्ञेशला फोन करायचा, नितेशकडून ब्रेक बदलून घ्यायचे, हात बरा झाला की निघायचं. तो फोन घ्यायला आत वळला.

स्वयंपाकघराच्या दारात पद्मजा मऊ भाताची ताटली घेऊन उभी होती. डोळे रात्रभर न झोपल्यासारखे. ती त्याला भरवायला बसली आणि दुसऱ्याच घासाला तिचा हात थांबला.

"थोडक्यात निभावलं हो," ती म्हणाली. "यज्ञेश सांगत होता, बाजूला दगड होते म्हणून. मी पूजा केली होती ना, म्हणूनच वाचलात. माझं मन मला सांगत होतं, नीट कर, मनापासून कर. तेवढं तरी माझ्या हातून बरोबर झालं."

नंदकिशोरनं तोंडातला घास गिळला. सांगितलं तर दिघी, वेळास, जयगड सगळं परत मिळत होतं. आणि ही बाई उरलेलं आयुष्य आपल्या बोटाकडे बघत काढणार होती. शिवाय चकतीला तेल लावायचं नाही, हे तिला सांगायचं काम कुणाचं होतं?

"हो," तो म्हणाला. "पूजेमुळेच."

दुपारी ती पडली असताना त्यानं औषधाच्या डब्यातली स्पिरिटची बाटली घेतली आणि डाव्या हातानं, जमेल तसं घासून, दोन्ही चकत्या स्वच्छ केल्या. मळलेलं फडकं धुण्याच्या बादलीत तळाशी खुपसलं. मळलेली वस्तू धुण्यात टाकायची, एवढं वळण त्याला आईनं लावलेलं होतं, आणि त्यापलीकडे त्यानं विचार केला नाही.

आठवड्याभरानं, प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून, तो डाव्या हातानं सायकल ढकलत नितेशकडे घेऊन गेला. नितेशनं ब्रेकचे पॅड काढून हातात घेतले आणि तोंड वाकडं केलं. "काका, वाट लागली याची. नुसतं तेल प्यायलेत. मी सांगितलेलं ना तुम्हाला? कोणी लावलं?"

"माझाच हात लागला असेल," नंदकिशोर म्हणाला. त्यानं नवे पॅड बसवून घेतले.

मग वर्ष गेलं. अपघातानंतरच्याच दिवाळीला पाहुणे आले तेव्हा यज्ञेशनं माकडांची गोष्ट रंगवून सांगितली. माकडं तांदूळ खातायत आणि बाबा गवतात बसून म्हणतायत, आई रागावेल. सगळे पोट धरून हसले. नंदकिशोरही हसला. "ब्रेक दाबायचेच विसरले," असं यज्ञेशनं शेवटी प्रेमानं म्हटलं तेव्हा नंदकिशोरनं चकलीचा तुकडा मोडला आणि तो तोंडात टाकला. पद्मजा त्या वेळी आत फराळ भरत होती. तिचं त्या दिवशी पाहुण्यांत लक्षच नव्हतं, असं नंतर जाऊबाईंनी बोलून दाखवलं.

सायकल भाजीची झाली. कॅरिअरवर मेथी, दुधी आणि रविवारी नारळ येऊ लागले. मुडपलेला पुढचा मडगार्ड काढून टाकला होता, त्यामुळे पावसाळाभर पायजम्यावर चिखल उडायचा आणि पद्मजा काही न बोलता तो धुवायची. सोसायटीतले लोक विचारायचे, "काय विजयकर, कोकण कधी?" हा म्हणायचा, "बघू." रात्री झोपताना कधीकधी तो उजव्या हाताची मूठ आवळून बघे. ती पूर्वीसारखी मिटत नव्हती, पण ब्रेक दाबण्याइतकी मिटत होती.

पुढच्या दसऱ्याला यज्ञेश आणि रेवती सकाळीच आले. यज्ञेशनं आल्या आल्या दोघांना सोनं दिलं, पाया पडला. श्रीखंडाचा डबा फ्रीजमध्ये गेला. पद्मजानं मशीन पुसलं, विळी मांडली, मिक्सर मांडला आणि मग गॅलरीतून सायकल स्वतः ढकलत हॉलमध्ये आणली.

"आई, ती कशाला?" यज्ञेश म्हणाला. "भाजीच्या पिशवीची पण पूजा करणार का आता?"

पद्मजानं कपाटातून दोन धुतलेले रुमाल काढले. एक पुढच्या चकतीवर टाकला, एक मागच्या, आणि वारा लागून सरकू नयेत म्हणून त्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. नंदकिशोर सोफ्यावरून अर्धवट उठला.

"हे काय आहे, आई?"

"त्या चकतीवर ब्रेक लागतो," पद्मजा म्हणाली. वाटीत ती कुंकू कालवत होती आणि मान वर करत नव्हती. "तिला तेल लागलं की ब्रेक लागत नाही. मागच्या दसऱ्याला मी दोन्ही चकत्यांवर तेलाचं स्वस्तिक काढलं होतं. बाबा ब्रेक दाबायला विसरले नव्हते. त्यांचं वय मध्ये आलं नव्हतं. मी आले होते."

"अगं—" नंदकिशोर म्हणाला.

"तुम्ही आता मध्ये बोलू नका. बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीत." तिनं वाटी खाली ठेवली. "ते फडकं मीच धुतलं ना? हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मला काय नवीन आहे? बादलीतलं सगळं पाणी लाल. तेव्हा उमगलं नाही. मग पुढचा मडगार्ड मागवायला मी नितेशकडे गेले. तो म्हणाला, काकांनी ब्रेकला तेल लावून ठेवलं होतं, विचारलं तर म्हणाले माझाच हात लागला. तेव्हा कळलं, त्या फडक्यावर काय होतं ते."

"तुला कधी कळलं हे?" यज्ञेशनं विचारलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता.

"दिवाळीच्या आधी."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

पद्मजानं आता मान वर केली आणि यज्ञेशला सोडून ती नवऱ्याकडे बघून बोलली. "लाज वाटली. आणि खरं सांगू का? तुम्ही घरी राहिलात ते मला बरं वाटत होतं. रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज वाटायचं, असू दे, डोळ्यांसमोर आहेत. तुम्ही माझ्यासाठी गप्प बसलात. मी माझ्यासाठीच बसले."

रेवतीनं उगीचच निरांजनातली वात सारखी केली. नंदकिशोरला खूप काही म्हणायचं होतं. चकतीचं तुला सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही, असं म्हणायचं होतं. या खेपेला त्यानं ते डोक्यात राहू दिलं नाही.

"मला नितेशनं बजावलं होतं," तो म्हणाला. "तेल लावायचं नाही म्हणून. मी तुला सांगितलंच नाही. माझ्याच डोक्यात ठेवलं."

"तुमच्या डोक्यात काय काय आहे देव जाणे," पद्मजा म्हणाली आणि पदरानं डोळे पुसून तिनं सायकलच्या हँडलला कुंकू लावलं. कॅरिअरला लावलं. रुमालाच्या आसपास तिनं बोटही नेलं नाही.

आरती झाल्यावर यज्ञेश उठला, तबकातलं आपट्याचं एक पान उचललं आणि बापासमोर आला.

"बाबा, सोनं घ्या."

"अरे, सकाळी दिलंस की."

"परत घ्या ना," तो म्हणाला आणि वाकला. वाकला तो जरा जास्तच वेळ वाकून राहिला. नंदकिशोरनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याच उजव्या हातानं.

जेवणं झाली. श्रीखंडानं सगळे सुस्तावले. यज्ञेश फोनवर तरीच्या वेळा शोधत बसला, दिघीला पहिली होडी किती वाजता सुटते आणि तिच्यात सायकल घेतात का. पद्मजा आतल्या खोलीत गेली आणि स्टुलावर चढून तिनं कपाटावरून एक लांबट खोकं खाली काढलं. त्यावरची धूळ झटकून ते नंदकिशोरच्या पुढ्यात ठेवलं. आत नवा मडगार्ड होता, अजून कागदात गुंडाळलेला. इतके महिने तो रजयांच्या मागे पडून होता.

नंदकिशोरनं वर्तमानपत्र पसरलं. पाने काढले. शिवणाच्या डब्यातली टेप न मागता त्याच्या हातात आली. तारेवर खूण करून त्यानं करवत टेकवली. "कापू?" असं त्यानं विचारलं नाही, आणि तार बरोबर कापली गेली. मडगार्ड पुढच्या चाकाच्या काट्यात सरकवून त्यानं दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धवट आवळले आणि चाक हळूच फिरवून पाहिलं. वरच्या बाजूला कुठेतरी घासत होतं.

"बोट," तो म्हणाला.

"थांबा."

पद्मजा मोरीत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. तिनं साबणानं हात धुतले, नखांच्या कडा घासल्या, पुन्हा धुतले. नॅपकिनला ते कोरडे केले, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिले आणि मग ती चाकापाशी येऊन बसली. टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत तिनं बोट घातलं.

"बसतंय?"

"इथे बसतंय," ती म्हणाली. "वर थोडं घट्ट आहे."

त्यानं स्क्रू सैल केला.